उत्तरेच्या उजेडाची रंगीत तालीम

कुठल्याही प्रवासाची तयारी मी तीन भागांत करते: कागद, कपडे, तब्येत. तिरुपती असो नाही तर नागपूरचं लग्न, पद्धत तीच. शाळेच्या ऑफिसात इतकी वर्षं ॲडमिशनचं काम केल्यावर माणूस असाच होतो. त्यामुळे नॉर्वेला जाऊन नॉर्दर्न लाइट्स पाहायचं ठरलं तेव्हा मी घाबरले नाही. कपड्यांचा भाग नेहमीपेक्षा मोठा होणार, एवढंच मला वाटलं.

हट्ट माझ्या मिस्टरांचा होता. ते इंडस्ट्रियल एरियातल्या एका फाउंड्रीत क्रेन ऑपरेटर होते आणि आदल्या वर्षी रिटायर झाले होते. मूळ गाव भंडारा जिल्ह्यातलं. सासरे भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये लागले तेव्हा सगळं कुटुंब भिलाईत आलं, त्या वेळी हे प्राथमिक शाळेत होते. प्लांटमध्ये स्लॅग, म्हणजे लोखंडाची तापून लाल झालेली मळी, ओतली की इथलं अर्धं आकाश नारिंगी होतं. आम्ही त्या उजेडात भांडी घासली आहेत, आमचं डोकंही वर होत नाही. पण गावाकडून नव्याने आलेल्या या मुलाला वाटलं की कुठंतरी गंजीला आग लागली. तो बादली घेऊन धावत सुटला आणि सेक्टरभर त्याची टिंगल झाली. रिटायर झाल्यावर एक दिवस मोबाइलवर त्यांना हिरवं आकाश दिसलं. खाली बर्फ, वर पडद्यासारखा हलणारा उजेड. तो व्हिडिओ त्यांनी किती वेळा पाहिला असेल याची गणतीच नाही.

"हे पाहाले जाचं," ते म्हणाले.

"कावून? आकाश त आपल्या इथंबी रंगते."

"इथं रंगते तवा खाली दोन-चारशे लोकं घाम गाळून राहते. तिथं कोणी ड्युटीवर नसते. उजेड आपला आपनच येते."

चाळीस वर्षं पाळ्या केलेल्या माणसाचं हे बोलणं होतं. मला ते पटलं. मी त्याच आठवड्यात पासपोर्टच्या कामाला लागले.

नागपूरच्या एका ट्रॅव्हल्सवाल्याचा ग्रुप मिळाला. जायचं जानेवारीच्या शेवटी, कारण उन्हाळ्यात तिथं रात्रच होत नाही. आमच्याकडे सगळे प्रवास मे महिन्यात होतात, त्यामुळे शाळेत मी जानेवारीची रजा मागितली तेव्हा प्राचार्यांनी दोनदा विचारलं, चुकून लिहिलं का म्हणून. रिसालीतल्या आमच्या गल्लीत बातमी पसरली. समोरच्या वहिनी भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "भाऊजी, आमी थंडीत गोधडीतून निघत नाही, अन् तुमी पैसे देऊन थंडीत चालले."

"वहिनी, तुमच्यासाठी एक किलो बर्फ घेऊन येतो," हे म्हणाले.

"एक किलोनं काय होते. आमचा फ्रिजच तुमाले देतो, त्यातच बसा."

असे हसतखेळत दिवस चालले होते. कागद झाले. कपडे झाले, जाड जॅकेटं घालून आम्ही दोघं ओळखीच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये बटाट्याच्या पोत्यांमध्ये उभे राहून आलो. आम्ही बाहेर आल्यावर तिथला चौकीदार म्हणाला, "काकी, कुछ गिर गया था क्या अंदर?" तब्येतीमध्ये शुगर, बीपी आणि माझा गुडघा तपासून झाला.

ट्रॅव्हल्सवाल्याने फोनवर एक सूचना दिली होती. ध्रुवीय प्रकाश पुष्कळदा फिका असतो. फोटो नीट यायचा तर मोबाइलचं सेटिंग इथूनच शिकून या. तिथं हातमोजे घालून, बोटं बधिर झाल्यावर शिकता येत नाही. खऱ्या अंधारात जाऊन सराव करा, म्हणाला.

भिलाईत खरा अंधार मिळत नाही. म्हणून दिवाळीनंतर एका संध्याकाळी आम्ही गाडी काढून नंदिनी नगरच्या बाजूला, अहिवाऱ्याच्या पुढे गेलो. माझ्या चुलतभावाचं तिथं शेत आहे. गाडी मी चालवली. संध्याकाळनंतर गाडी चालवणं यांनी त्याआधीच सोडलं होतं. समोरच्या हेडलाइटचा त्रास होतो म्हणायचे, आणि आमच्या रस्त्यांवरचे ट्रक पाहता मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

पोचलो तेव्हा दिवस मावळला होता. थोड्याच वेळात इतका अंधार झाला की शेताच्या धुऱ्यावरचं बाभळीचं झाडही दिसेना. मी ट्रायपॉड उभा केला, मोबाइल बसवला आणि त्यावर वाकून एकेक बटण पाहू लागले. त्यांना काम दिलं वर पाहण्याचं.

"तारे दिसून राहिले का?" मी मान खाली घालूनच विचारलं.

"हाव. दिसून राहिले ना."

"किती?"

"लय आहे. भरलं आहे सारं."

मी बटण दाबलं. मोबाइलने बराच वेळ घेतला आणि फोटो दाखवला. सगळा मळकट. मला वाटलं माझं काही चुकलं. पुन्हा घेतला, तसाच. "नीट भरलं आहे ना?" मी म्हणाले. ते म्हणाले, "हाव ना, तुह्या डोक्यावरच त आहे." तेव्हा मी मान वर केली.

वर ढग होते. इकडून तिकडे, सगळीकडे. एकही तारा नव्हता.

आधी वाटलं, गंमत करताहेत. टॉर्च लावून पाहिलं तर ते मान वर करून उभे होते आणि चेहऱ्यावर गमतीचं काहीच नव्हतं. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलेल्या माणसाचा चेहरा होता तो.

"वर ढग आहे," मी म्हणाले.

त्यांनी मान खाली घेतली. मग म्हणाले, "असन."

परतीच्या वाटेवर गाडीत ते एवढंच म्हणाले की अंधारात तारे असतातच, म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे नंबर लावला. तपासण्यांना सकाळ गेली. एका यंत्रात डोकं घालून, ठिपका दिसला की बटण दाबायचं होतं. मी बाहेरच्या खुर्चीवरून पाहत होते. बटणाचा आवाज मधूनमधून यायचा, आणि मग खूप वेळ यायचाच नाही. कागद हातात आला तेव्हा त्यावर दोन गोल होते आणि दोन्ही गोलांत मोठमोठे काळे भाग. डाव्या डोळ्याच्या गोलात तर मधे थोडंसंच पांढरं उरलं होतं.

डॉक्टर तरुण होती, शांतपणे बोलणारी. काचबिंदू, ती म्हणाली. कडेची नजर आधी जाते, मग मधलीही पुसट होते आणि मिणमिणत्या उजेडातलं दिसणं कमी होतं. गेलेलं परत येत नाही. राहिलेलं थेंबांनी टिकवायचं. मग कागदाकडे पाहत तिने विचारलं, "इतक्या वर्षांत कधी तपासणी झाली नाही?"

"दरवर्षी झाली," हे म्हणाले. "दरवर्षी पास."

घरी आल्यावर सगळं बाहेर आलं. फाउंड्रीत वर्षातून एकदा डोळे तपासायला माणूस यायचा. कँटीनच्या भिंतीवर दरवर्षी तोच अक्षरांचा तक्ता लागायचा. क्रेनवाल्यांची रांग बाहेर उभी असायची आणि आत जाऊन आलेला मागच्याला शेवटच्या दोन ओळी सांगायचा. नवीन माणूस क्रेनवर आला की जुने लोक त्याला आधी बेल, मग ब्रेक आणि मग त्या ओळी शिकवत. फेल झालं तर क्रेनवरून खाली उतरवत आणि यार्डात पाठवत. तिथं ओव्हरटाइम नव्हता, आणि वरून खाली येणं हीच मोठी शरम. यांना त्या ओळी अजून पाठ होत्या. मी विचारल्यावर त्यांनी त्या न अडखळता म्हणून दाखवल्या, पाढे म्हणावेत तशा.

"अन् डाव्या डोळ्यानं खरंच किती दिसत होतं?"

"सुरुवातीले दिसे. मंग शेवटची वळ पुसट झाली. मंग त्याच्या वरची." ते म्हणाले. "पाठ होती त कधी गेली हे समजलंच नाही."

मी जेवण वाढलं. तेव्हा मला दुसरीच गोष्ट सुचली आणि हातातला भात तसाच राहिला.

"तुमच्या क्रेनखाली मानसं राहत होती."

"खालचा मानूस शिट्टी देते. हात दाखवते."

"हात दिसत होता का?"

त्यांनी ताटातली पोळी दोनदा दुमडली. "शेवटचे दोन वर्सं मी दिवसपाळीच मांगून घेतली होती," ते म्हणाले. "काही झालं त नाही."

काही झालं नाही, हे खरं आहे. ते वाक्य मी नंतर स्वतःलाही पुष्कळदा ऐकवलं आहे. पण त्या दिवशी आम्ही दोघांनी पुढं काही खाल्लं नाही.

राहिला प्रश्न प्रवासाचा. पुढच्या भेटीत मी डॉक्टरला सरळ विचारलं. ती म्हणाली, विमानाला हरकत नाही, थेंब चुकवू नका. आणि तो उजेड? तिने मला एकटीला दाराशी थांबवून सांगितलं, फार झगझगीत असला तर काही जाणवेल. एरवी आकाशातल्या फिक्या गोष्टी त्यांना दिसणार नाहीत. मोबाइलच्या पडद्यावर दिसतील, कारण तो डोळ्यांसमोर धरता येतो.

मी ते घरी जसंच्या तसं सांगितलं. अशा बाबतीत गुळमुळीत बोलणं मला जमत नाही.

ते म्हणाले, "मंग जाऊ ना आपन. तू पाहाजो. मी म्हनीन दिसलं म्हून. कोनाले काय समजते?"

मला राग आला, आणि त्या रागात मला रडूही आलं. मी म्हणाले, "जाऊ. पन एक अट आहे. तिथं दिसलं नाही त सगळ्यायसमोर म्हनाचं, नाही दिसून राहिलं. माह्यासमोर त म्हनाचंच. अन् मीबी तुमाले खोटं सांगनार नाही."

"इतके पैसे खर्च करून मी थंडीत उभा राहू अन् पंचवीस लोकायले सांगू का मी आंधळा आहे?"

"आंधळे नाही म्हटलं कोनी."

"तू म्हटलं नाही. कागदावर काळं छापलं आहे ना."

चार-पाच दिवस घरात फारसं कोणी बोललं नाही. थेंबाची वेळ झाली की ते खुर्चीत मान मागे टाकून बसत आणि मी थेंब घालत असे, तेवढाच संबंध. नंतर एका दुपारी, मी शाळेतून आले तेव्हा, त्यांनी स्वतःच ट्रॅव्हल्सवाल्याला फोन करून नाव काढून टाकलं होतं. माझं नाव राहू द्या म्हणून सांगितलं होतं. "तू जाऊन ये," ते म्हणाले. मी फोन करून माझंही काढलं. त्यावरून पुन्हा भांडण झालं. ते म्हणाले, माझ्या डोळ्यापायी तू घरी बसू नको, मले ते वझं नको. मी म्हणाले, मला कधीच जायचं नव्हतं, हट्ट तुमचा होता. हेही खोटं नव्हतं.

जॅकेटं मी जबलपूरच्या भाच्याला दिली. शाळेतली रजा रद्द केली. संध्याकाळी फिरायला जाताना आता मी त्यांच्या डाव्या बाजूने चालते. स्पीडब्रेकर आला की आधी सांगते. पहिले काही दिवस त्यांना ते आवडत नसे. आता ते स्वतः विचारतात, "पुढं काय आहे?"

ट्रॅव्हल्सवाल्याने व्हॉट्सॲपच्या ग्रुपमधून आमचा नंबर काढला नव्हता. जानेवारी संपता संपता फोटो येऊ लागले. जाड टोप्या घातलेले नागपूरचे लोक आणि वर हिरवंगार आकाश. मी ग्रुप सोडायला निघाले, तर ते म्हणाले, राहू दे. मोबाइल अगदी जवळ धरून, उजव्या डोळ्यासमोरून इकडून तिकडे सरकवत त्यांनी एक फोटो पाहिला.

"खाली काय लिवलं आहे? वाच."

एका बाईंनी लिहिलं होतं की फोटोत हिरवं दिसतं, पण नुसत्या डोळ्यांनी पाहताना पुष्कळ वेळ ते ढगासारखं राखाडीच दिसत होतं. मी वाचून दाखवलं.

"राखाडी," ते म्हणाले. मग फोटो पुन्हा डोळ्यासमोर धरून, "मंग मले तेवढं त दिसलं असतं ना?"

त्यांचा चेहरा माझ्याकडे होता. हो म्हणणं सोपं होतं, आणि ते खरं मानून चालले असते.

"नाही," मी म्हणाले. "तेबी नसतं दिसलं."

त्यांनी मान हलवली. मग उरलेले फोटो एकेक करून, तसेच डोळ्यासमोरून सरकवत, शेवटपर्यंत पाहिले आणि मोबाइल मला परत दिला.