रस्त्यावर आलेली फांदी

आई रोज सकाळी इंग्लंडमधल्या एका खेड्यात फिरायला जाते. अमेरिकेत, कॅरी गावातल्या आमच्या घरात वरच्या मजल्यावर एक जादा खोली आहे. तिला इथे बोनस रूम म्हणतात. तिच्यात ट्रेडमिल आहे आणि समोर टीव्ही. टीव्हीवर कोणी एक माणूस कॅमेरा धरून चालत असतो. दगडी बांध, मेंढ्या, ओढ्यावर टाकलेली फळी, चर्चच्या मागून जाणारी पायवाट. खाली कोपऱ्यात लिहिलेलं असतं, 'ईझी वॉक'. आई बूट घालून, ओढणी कमरेला खोचून त्या माणसाच्या मागे मागे चालते. खाली स्वयंपाकघरात माझ्या डोक्यावर धप धप आवाज होत राहतो आणि सकाळी सकाळी माझं टाळकं फिरतं.

बाहेर चालायला वाटा नाहीत असं मुळीच नाही. आमची वस्ती विकली गेली तीच वाटांच्या जोरावर. बिल्डरने तिला एका इंग्रजी खेड्याचं नाव दिलंय, जे खुद्द इंग्लंडमध्येही शोधून सापडणार नाही. पूर्वी इथे तंबाखूची शेतं होती. ती सपाट करून यांनी तळं खणलं, तळ्यात कारंजं सोडलं, काठावर एक पाणचक्की बांधली, जिच्यात आजवर चिमूटभर पीठ दळलेलं नाही. मग गुळगुळीत कागदावर छापलं की या आणि गावाकडच्या सोप्या, निवांत फेरफटक्यांचा आनंद घ्या. राहायला कोण आलं? निम्मे तर आम्हीच. पुण्याचे, नागपूरचे, मुंबईचे, सकाळी लॅपटॉप उघडून रात्री मिटणारे. त्या वाटांवर कुत्री फिरतात आणि त्यांच्या मागून त्यांची माणसं. नुसतं चालायचं म्हणून चालणारी माझी आई तेवढी होती.

बाबा गेल्यावर मी तिला सांगलीहून कायमची इकडे आणली. तिकडचं घर विकलं, म्हणजे परतीचा प्रश्नच मिटला. तिला गाडी चालवता येत नाही. दुकान असो, देऊळ असो, डॉक्टर असो, मी नेईन तेव्हा जायचं आणि मी आणीन तेव्हा यायचं. अख्ख्या दिवसात सकाळचा फेरफटका तेवढा तिच्या मालकीचा होता. तळ्याला वळसा, लाकडी पूल, मग मागच्या घोड्यांच्या फार्मच्या कुंपणाकडेने परत. घोड्यांशी ती मराठीत बोलायची. घरी आली की बातम्या सांगायची. तांबडा घोडा आज रुसलाय. पुलाखाली कासवं उन्हाला बसलीत. एकदा हसत हसत म्हणाली, "अगं, तुमच्याकडे घरोघरी लॉन म्हणून दूर्वाच लावल्यात. आणि वर त्या कापायला पैसे देऊन माणसं बोलावतात. गणपती बघत असेल तर काय म्हणत असेल."

पहिल्या उन्हाळ्यात तिला वाटेवर अनंत भेटला. भेटला असंच ती म्हणाली. पांढरा, दाट, तोच वास. दुसऱ्या दिवसापासून ती ओढणीच्या टोकात चार-दोन फुलं घेऊन यायला लागली. फिरायला जाऊन पूजेची फुलं घेऊन येणं हे आपल्याकडे निम्मं गाव करतं, आणि उरलेलं निम्मं गाव त्यांच्या नावाने खिडकीतून ओरडतं. आईचे मात्र त्यातही कडक नियम होते. कुंपणाच्या आत हात घालायचा नाही. कळी तोडायची नाही. त्या घरच्या देवाला पुरतील एवढी फुलं झाडावर ठेवायची. रस्त्यावर आलेली फांदी तेवढी रस्त्याची. इथल्या घरांना कुंपणं नसतात, पण फांदी फुटपाथवर आलेली होती आणि आईचा नियम त्यात बसत होता.

एका दुपारी वस्तीच्या ऑनलाइन पानावर एक क्लिप आली. दाराच्या बेलमधल्या कॅमेऱ्याने टिपलेली. पाठमोरी एक बाई, निळी ओढणी, फांदी खाली ओढणारा हात. वर इंग्रजीत लिहिलं होतं की ही बाई रोज आमच्या अंगणातून चोरी करते, हिला कोणी ओळखतं का? खाली लोक तुटून पडले होते. पोलिसांना कळवा. म्हातारी भ्रमिष्ट असेल, घरच्यांनी लक्ष ठेवायला हवं. एकाने नुसतं 'हे लोक' एवढंच लिहून पुढे टिंबं दिली होती.

ओढणी मीच आणलेली. आणि घर कोणाचं? मागच्या गल्लीतल्या पुण्याच्या बाईचं. हिवाळ्यात ती बाळंत झाली तेव्हा तिच्या आईचा व्हिसा आला नव्हता. म्हणून माझी आई रोज तिच्याकडे जाऊन बाळाला तेल लावून न्हाऊमाखू घालायची, धुरी द्यायची, पायांवर घेऊन निजवायची. हिला डिंकाचे लाडू तिनेच करून घातले. त्या बाईला आईची पाठ ओळखू आली नाही.

मी फोन केला.

"अगं, सिरियसली, मला माहीतच नव्हतं काकू आहेत ते," ती म्हणाली. "कॅमेऱ्यात फेस दिसत नाही ना. मी लगेच डिलीट केलं."

"काकू नसत्या तर ठेवलं असतंस?"

"यार, तू पर्सनली घेऊ नकोस. फुलांचं काय एवढं. पण इथे असं चालत नाही ना. मग आपल्याच लोकांना नावं ठेवतात."

नावं ठेवायला लोकांना बोलावलं कोणी, हे विचारायच्या आत तिचं बाळ रडलं आणि फोन बंद झाला. संध्याकाळी आमच्या मराठी ग्रुपवर तिचा मेसेज आला. प्लीज, इंडियाहून आलेल्या पेरेंट्सना इथले रूल्स नीट एक्सप्लेन करा, कोणा एकाबद्दल नाही, जनरल सांगतेय. शेवटी हात जोडलेले. त्याखाली भराभर अंगठे उमटले. त्यातला एक अंगठा माझ्या नवऱ्याचा होता. मी विचारलं तर म्हणाला, "मी वाचलंच नव्हतं गं, सगळ्यांनी लाइक केलं म्हणून केलं." खरंच वाचलं नसेल. त्याचाच मला जास्त राग आला.

त्या ग्रुपवर आईही आहे. क्लिपही तिला कोणीतरी प्रेमाने पाठवली होतीच. मी खोटं सांगून वेळ मारून नेली असती, पण आयुष्यभर हायस्कुलात इंग्रजी शिकवलेल्या बाईला काय सांगणार? तिने चष्मा काढून ओढणीने पुसला आणि विचारलं, "स्टीलिंग असंच लिहिलंय ना?" मी हो म्हटलं. तिने फोन टेबलावर उपडा ठेवला आणि कुकर लावायला गेली.

दुसऱ्या दिवसापासून ती बाहेर गेली नाही. मी रागावले, समजावलं, माझ्याबरोबर चल म्हटलं. "जाईन गं, गुडघा जरा दुखतोय," असं तिचं उत्तर ठरलेलं. पट्ट्यावर तासभर चालताना तो गुडघा दुखत नाही. अमेरिकेत आणून मी तिला काय दिलं, तर मोठं घर आणि त्यात इंग्लंडचा टीव्ही.

मग गणपती आले. मागच्या गल्लीतली ती बाई स्वतः घरी आली. आईच्या पाया पडली, बाळाला तिच्या मांडीवर ठेवलं आणि लाडात म्हणाली, "काकू, हार तुम्हीच करायचा हं. तुमच्यासारखा कोणाला जमत नाही." झाल्या गोष्टीबद्दल चकार शब्द नाही. ती गेल्यावर मी म्हटलं, "आपण जायचं नाही."

"देवाने काय केलंय?" आई म्हणाली. तिने ठेवणीतली जांभळी साडी काढली.

त्या बाईच्या हॉलमध्ये बायका सतरंजीवर गोल बसल्या होत्या. मधोमध दुकानातून आणलेले शेवंतीचे आणि गुलाबांचे खोके. सगळ्या काकू काकू करत होत्या. कोणी पाठीला उशी दिली, कोणी पाणी आणलं. यजमानीणबाईंनी सुईदोरा दिला आणि एक खोका आईच्या पुढ्यात सरकवला.

आईने पहिल्या झटक्यात दोरा ओवला. मग तिने खोक्याकडे पाहिलं आणि वर मान करून शाळेत विचारायची तशा स्पष्ट आवाजात विचारलं, "पावती आहे ना गं याची?"

बायका हसल्या. काकू पण ना, असं कोणीतरी म्हणालं. घरची बाई हसली नाही. आईने फुलाला हात लावला नाही. सुई धरून, हात मांडीवर ठेवून ती उत्तराची वाट बघत बसली.