सहावी सुई

यजमान गेल्यावर मी टेंबलाईच्या टेकडीवर जायचं बंद केलं. आमच्या उचगावातून टेकडी जवळच आहे, चालत जाता येतं. ते आजारी होते तेव्हा मी ओळीनं अकरा मंगळवार केले, आणि बारावा यायच्या आधीच ते गेले. देवीला मी वाईट बोलले नाही. पण मागायचंही काही राहिलं नाही असं वाटायला लागलं. आपल्या दोन हातांवर घर चालतंय, तेवढं पुरे, असं मनाशी ठरवलं. एवढी माणसं रोज तिच्या दारात येतात, तिला आपल्या पत्र्याच्या घराकडं बघायला सवड कुठली, असंही कुठंतरी आत होतं.

माझ्या सासू मात्र जायच्या. त्यांना मी आत्ती म्हणते. पंचाहत्तरी उलटली तरी दर मंगळवारी काठी टेकत जायच्या आणि आल्यावर प्रसाद माझ्या हातावर ठेवताना म्हणायच्या, "टेंबलाई इचारत हुती तुझं. म्हटलं, हाय घरात, रुसून बसलीया." मी प्रसाद खायचे आणि गप्प बसायचे. गप्प बसणं मला चांगलं जमतं. शाळा चौथीपर्यंत झाली, तिथंही मी कधी हात वर केला नाही. बोलायला गेलं की शब्द घशात अडकतात, म्हणून हे वहीत लिहिते आहे. कुणाला दाखवायचं नाही, पण लिहिल्याशिवाय मला चैन पडत नाही.

मी वाकळा शिवते. शहरात गोधडी म्हणतात तीच. लोक आपल्या आईच्या, आजीच्या जुन्या साड्या आणून देतात, मी त्यांचे थर लावून हातानं शिवते. माझा टाका तांदळाएवढा येतो आणि सरळ येतो. हे एक सांगायला मी लाजत नाही. माप घेणं, कापणं, शिवणं, नेऊन देणं, सगळं मी एकटी करते. गिऱ्हाइकाच्या वाकळेत दुसऱ्याचा टाका मी कधी येऊ दिला नाही, आत्तींचासुद्धा, ज्यांनी मला सुई धरायला शिकवलं. यावरून आमच्याकडं रोजची बोलणी असायची. "माझ्याकडनंच शिकली आणि मलाच शिवू देत न्हाई. माझ्या टाक्याला काय काटं आल्यात व्हय?" शेवटी घरातली एक वाकळ मी त्यांच्यासाठी वेगळी काढून दिली. ती त्यांची. तिच्यात त्या हवे तसे टाके घालायच्या.

त्यांच्या डोळ्यांना सुईचं नाक दिसत नाही. म्हणून सकाळी कामाला लागायच्या आधी मी दहा सुयांत दोरा ओवून ठेवते. सकाळी आठला आत्ती पहिली सुई उचलतात, आणि एक वाजता दहावी संपते. मग त्या जेवायला उठतात. दोरा संपला की रिकामी सुई वाकळेच्या काठाला टोचायची, ही त्यांची रीत, म्हणजे मला संध्याकाळी शोधावी लागत नाही. दोन वर्षं हे असंच चाललं होतं.

गेल्या थंडीतली गोष्ट. मला दोन वाकळा गारगोटीला पोचवायच्या होत्या. आत्तींनी माझ्यासमोर पहिली सुई उचलली, बाहेर बघून आठ वाजल्याचं त्यांनीच सांगितलं, कारण समोरचा दूधवाला आठला गाडी काढतो. घड्याळातही आठच वाजले होते. मी गाठोडं घेऊन निघाले ते संध्याकाळपर्यंत येणार नव्हते.

स्टँडवर गारगोटीची गाडी लागेना. दीड तास गेला. शेजारी एक जाडजूड बाई येऊन बसल्या, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या. त्यांनी गाठोड्याला हात लावून बघितला, कुणाचं, कुठं द्यायचं विचारलं. मी गिऱ्हाइकाचं नाव सांगितलं तर त्या म्हणाल्या, आमच्याच गल्लीत की. मग त्यांनी हिशेब मांडला: जायला दोन तास, यायला दोन तास, आणि नुसत्या दोन वाकळांसाठी. "दिवस जाईल की तुमचा. द्या हिकडं, मी देतो पोचवून."

अनोळखी माणसाच्या हातात मी माझं काम कधी दिलेलं नाही. सख्ख्या भावाच्याही नाही. त्या दिवशी माझ्या तोंडून 'बरं' गेलं आणि माझं मलाच नवल वाटलं. नंतर मी पुष्कळदा विचार केला की मी हो का म्हटलं. गाडी आली, बाई गाठोड्यासकट चढल्या, आणि मी रिकाम्या हातानं उभी राहिले. बाजारात दोऱ्याची रिळं घेतली आणि रिक्षानं घरी आले. बारा वाजत आले होते.

आत्ती भिंतीला टेकल्या होत्या त्या एका अंगावर कलल्या होत्या. तोंड डावीकडं ओढलं गेलं होतं. उजवा हात मांडीवरून खाली पडला होता आणि त्या माझ्याकडं बघून काहीतरी म्हणत होत्या, पण नुसता आवाज येत होता, शब्द येत नव्हता. ज्या तोंडाला आयुष्यात शब्द कमी पडला नाही, त्या तोंडातून शब्द येत नव्हता. मी बाहेर पळाले. रिक्षावाला रिक्षा वळवत होता. "ओ पावणं, या की हिकडं," असं मी ओरडले. एवढ्या मोठ्यानं मी कधी ओरडले नव्हते. तो आणि शेजारची वहिनी आत आले. अंग सैल पडलेलं, उचलता येईना. रिक्षावाला म्हणाला, मावशी वाकळेवरच हायेत, चारी कोपरं धरा. तशाच वाकळेसकट आम्ही त्यांना रिक्षात घातलं.

गावातल्या डॉक्टरनं बघितलं आणि चिठ्ठी लिहून शहरातल्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथं त्यांना आत घेतलं, डोक्याचा फोटो काढला. वाकळेची घडी करून कुणीतरी माझ्या हातात दिली. मग एक तरुण डॉक्टर बाहेर आला. त्यानं विचारलं, त्रास नेमका कधी सुरू झाला. मी घरात नव्हते, म्हणाले. मग शेवटचं चांगलं कधी बघितलं होतं? आठ वाजता. त्याचा चेहरा उतरला. तो घाईत होता तरी त्यानं मला नीट समजावून सांगितलं, हे मी विसरणार नाही. मेंदूच्या नळीत रक्ताची गाठ अडकली होती. ती विरघळवायचं इंजेक्शन असतं, पण ते त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. उशिरा दिलं तर डोक्यात रक्त फुटायची भीती. आठपासून धरलं तर वेळ टळून गेली होती. भिंतीवरच्या घड्याळात दीड वाजून गेला होता.

तो आत गेला आणि मी बाकावर बसले. आजूबाजूला माणसं होती, पण मी विहिरीच्या तळाला बसल्यासारखी होते. वाकळ मांडीवर होती. फार दिवसांनी मी टेंबलाईला हाक मारली. मागणं असं काही सुचलं नाही. एवढंच म्हणाले, आई, मला काही कळत नाही. आणि वाकळ छातीशी घट्ट धरली.

तळहातात सुई घुसली.

रक्ताचा थेंब आला. मी काठ उलगडला. एका ओळीत पाच रिकाम्या सुया टोचलेल्या होत्या. सहावी सुई वाकळेत अर्धवट अडकलेली, तिचा दोरा निम्मा लोंबत होता. मी त्या ओळीवरून बोट फिरवलं. पाच सुयांचे टाके आत्तींचे, ज्वारीच्या दाण्याएवढे, पण रुळासारखे सरळ. सहाव्या सुईचेही निम्मे तसेच. मग एक टाका सैल पडला होता. पुढचा डावीकडं सरकला होता. त्याच्या पुढचा खालच्या थरापर्यंत पोचलाच नव्हता, नुसती वरची साडी टोचून वर आला होता. तिथंच त्यांच्या हातातली ताकद गेली होती. ते मला समोर लिहिलेलं असल्यासारखं दिसलं.

मी उठले. आतल्या दाराशी सिस्टरनं अडवलं, बाई, बाहेर थांबा म्हणाली. मी थांबले नाही. डॉक्टर दुसऱ्या पेशंटजवळ होता. मी वाकळ त्याच्यासमोर टेबलावर पसरली आणि सांगायला लागले. सकाळी मी दहा सुया ओवते, आत्ती आठला बसतात, एकला दहावी संपते, दोन वर्षं असंच आहे. म्हणजे एका सुईला अर्धा तास. पाच सुया संपल्यात. सहावी निम्मी झाली तोवर हात सरळ होता, हे बघा, इथं बिघडला.

त्यानं वाकळ जवळ ओढली. "एका सुईला अर्धा तास, हे नक्की?"

"नक्की."

"मध्ये चहाला, पाण्याला उठल्या असतील तर?"

"उठल्या असल्या तर वेळ पुढं जाईल, डॉक्टर. मागं न्हाई येणार. पावणेअकराच्या आधी त्यांना काही झालेलं न्हाई."

माझे शब्द घशात अडकले नाहीत. जे मला कळतं तेच मी बोलत होते, आणि त्यात माझी चूक होणार नाही याची मला खात्री होती. डॉक्टरनं त्या टाक्यांवरून स्वतःचं बोट फिरवलं, जिथं टाका सैल पडला तिथं थांबला, पुन्हा मागं नेलं. मग त्यानं मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. आठ नव्हे, पावणेअकरा, असं तो म्हणाला, आणि कशावरून ते सांगताना जरा अडखळला. पलीकडून बरेच प्रश्न आले. त्यानं सगळ्यांची उत्तरं दिली. मग मला कागद वाचून दाखवला, धोका आहे हे दोनदा सांगितलं. मी सही केली. सवा दोनला इंजेक्शन चालू झालं.

त्यानंतर मला करण्यासारखं काहीच नव्हतं. आणि तिथंच मला पहिल्यांदा हलकं वाटलं, हे लिहायला नवल वाटतं. यजमानांच्या वेळी मी अकरा मंगळवार केले ते मूठ आवळून केले होते. मी एवढं करते, तू एवढं कर. त्या दुपारी माझी मूठ उघडी होती. माझ्या हाताला जे कळत होतं ते मी सांगून टाकलं, आता आत्ती तुझ्या आणि मी पण तुझीच, एवढं म्हणून मी बाकावर शांत बसले. आत्ती जातील की राहतील हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी सिस्टरनं आत बोलावलं. आत्तींनी उजव्या हाताचं बोट हलवलं होतं.

दवाखान्यात आम्ही बारा दिवस होतो. त्या दिवसांत मी एकेका गिऱ्हाइकाला फोन करून खरं ते सांगितलं, उशीर होईल, पाहिजे तर साड्या परत न्या. एकीनं नेल्या. बाकीच्या थांबल्या. एका बाळंतिणीचं लहान दुपटं तेवढं घाईचं होतं, ते मी आत्तींच्या खाटेशेजारी बसून शिवलं, आणि उरलेली बाजू शेजारच्या वहिनीनं भरली. दुसऱ्याचा टाका. गिऱ्हाइकाला मी आधीच सांगून टाकलं, तर ती म्हणाली, बाळाला काय कळतंय.

लोक म्हणतात स्टँडवर टेंबलाईच आली होती. मला तसं म्हणवत नाही, कारण त्या बाईंना मी नंतर जाऊन भेटले. गारगोटीत गिऱ्हाइकाच्याच गल्लीत त्यांचं भांड्यांचं दुकान आहे; वाकळा त्यांनी त्याच दिवशी पोचवल्या होत्या. मी पाया पडायला गेले तर त्या हसत सुटल्या. म्हणाल्या, "मला कुठली देवी करताय. मला गाडीत टेकून झोपायला उशी पायजे हुती. तुमचं गाठोडं मऊ बघितलं आणि मागितलं." मग चहा केला आणि दोन पेले भेट दिले. मी येताना गाडीत एकटीच हसत होते. त्यांना झोप यावी, मला 'बरं' म्हणावंसं वाटावं, वाकळेवरूनच आत्तींना उचलावं लागावं. हे सगळं कुणी ओवलं ते मी विचारत नाही. माझ्यापर्यंत पोचलं, एवढं मला पुरतं.

आत्ती आता घरात आहेत. उजवा पाय ओढतात, हातात जाड सुई धरतात. बोलणं पूर्ण आलेलं नाही. रोजचे शब्द कळतात, रागावल्या की जरा जास्तच स्पष्ट कळतात. लांब वाक्य बोलायला गेल्या की मध्येच शब्द एकमेकांत मिसळतात, मग मी दोनदा-तीनदा विचारते आणि त्या हात झटकतात.

चैत्रात मी त्यांना टेकडीवर नेलं. रिक्षा वरपर्यंत गेली, शेवटच्या थोड्या पायऱ्या त्या माझ्या खांद्यावर हात टाकून चढल्या. गाभाऱ्यासमोर उभ्या राहिल्या आणि बोलायला लागल्या. बराच वेळ बोलल्या. मध्ये एकदा हसल्या, एकदा पदरानं तोंड पुसलं, एकदा माझ्याकडं बोट केलं. मी कान देऊन ऐकत होते, पण मला त्यातला एकही शब्द कळला नाही. विचारावं म्हणून मी तोंड उघडलं आणि मिटलं. त्या माझ्याशी बोलतच नव्हत्या. जिच्याशी बोलत होत्या तिला कळत होतं. मी हात जोडले आणि त्यांचं बोलणं संपेपर्यंत शेजारी उभी राहिले.