भिंतीवरचे जोर

घड्याळं दुरुस्त करताना त्याचा हात कधी थरथरला नव्हता, पण न्हाणीघरात पडलेल्या आईला उचलताना मात्र पार लटपटला. शेवटी शेजारीण धावत आली आणि तिनं एकटीनं म्हातारीला उचलून खाटेवर ठेवलं. याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

व्यायामशाळेतल्या मास्तरांनी त्याचे दंड चाचपले. "जमिनीवरचे जोर तुम्हाला इतक्यात झेपणार नाहीत. भिंतीला हात टेकून सुरू करा. माणूस उचलायचं बळ यायला वर्ष जाईल. घाई केलीत तर खांदा दुखावून बसाल."

तेव्हापासून रात्री दुकानातून आला, की आई म्हणायची, "माझं झालंय जेवून, तुझं आवर." मग तो दार लावून, स्वतःवरच चरफडत, भिंतीशी झटायचा.

दोनेक महिन्यांनी आईला चक्कर आली. त्यानं हात घातले आणि ती अलगद उचलली गेली. तो हरखलाच. "बघितलंस? मास्तर वर्ष म्हणत होते!"

आई ओशाळून हसली. "रात्रीची जेवतच नाही रे मी. तुला जड होत होते ना!"

तिला उचलून तो तसाच उभा राहिला. तोंड लपवायला हातसुद्धा मोकळे नव्हते.