कॉडच्या जिवावर होनोलुलु

आमच्या टोलीडोतल्या चर्चच्या तळघरात जेन कुझ्माने एकतीस वर्षं मासे तळले. त्यातली शेवटची तीन वर्षं ती कुणालाही पत्ता लागू न देता होनोलुलुला निघाली होती. मला ते कळलं दोन हजार नऊच्या गुड फ्रायडेला दुपारी साडेबारा वाजता, एली खौरीच्या मासळीच्या गोदामात, वितळलेल्या बर्फाच्या पाण्यात उभं असताना.

जेन तेव्हा एकाहत्तर वर्षांची. अठ्ठावीस वर्षं तिने शाळेची बस चालवली. आवाज असा, की आज आजोबा झालेले गडीसुद्धा तिने मागून हाक मारली की मुकाट्याने खाली बसतात. नवरा वॉल्ट काचेच्या कारखान्यात होता. त्याआधी नौदलात, आणि त्यातली दोन वर्षं होनोलुलुला. तिथला समुद्र आंघोळीच्या पाण्यासारखा कोमट असतो असं तो चाळीस वर्षं सांगत राहिला, आणि ती चाळीस वर्षं त्याला थापाड्या म्हणत राहिली. हिने पाहिलेलं सर्वांत मोठं पाणी म्हणजे आमचं ईरी सरोवर. त्यात मे महिन्यात पाय घातला तर दात वाजतात. वॉल्ट गेला आणि हिला एकच ध्यास लागला: तिथे जायचं आणि पाय बुडवून बघायचे. पण बसवालीच्या पेन्शनीत होनोलुलु बसत नाही.

आता मासे. ईस्टरच्या आधीच्या उपासकाळात शुक्रवारी आम्ही कॅथलिक मांस खात नाही, मासे चालतात, म्हणून दर शुक्रवारी चार वाजता चर्चमध्ये तळलेल्या माशांची पंगत असते. साडेसहाशे माणसं जेवतात आणि चर्चच्या छपराचा खर्च निघतो. फादर रेमंड दर गुरुवारी जेनच्या नावाने सव्वीसशे डॉलरचा चेक फाडत. ती तो आपल्या बँकेत भरी आणि शुक्रवारी एलीकडून कॉड मासा उचली. पैसे ती कसे चुकते करते हे आम्ही कधी विचारलं नाही. ज्या बाईने तुमची पोरं अठ्ठावीस वर्षं शाळेत धडधाकट पोचवली, तिच्याकडे पावती मागायची कुणाची छाती होती?

तर त्या दुपारी पहिल्यांदाच मी तिला माझ्या गाडीने घेऊन गेले होते. एलीने तिचं क्रेडिट कार्ड यंत्रातून ओढलं. परत ओढलं. मग ॲप्रनला पुसून ओढलं.

"मिसेस कुझ्मा, हे नाही म्हणतंय."

"यंत्राला तेल घाल, एली."

"यंत्राला काय झालंय? आत्ताच त्या बिंगो क्लबवाल्याच्या कोळंबीचे पैसे घेतले त्याने."

जेनचा चेहरा कॉडसारखा पांढरा पडला. मी म्हटलं, "बँकेचं काही पत्र आलं होतं का?" आलं होतं. तिने जाहिरात समजून पर्समध्ये कोंबलं होतं. मी ते काढून मोठ्याने वाचलं. चाळीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं आहे, बारीक अक्षराला मी घाबरत नाही. पत्रात दोन गोष्टी होत्या. एक, तिच्या कार्डाची मर्यादा नऊ हजारांवरून आठशे डॉलरवर आणली होती. दोन, होनोलुलुच्या विमानाच्या फुकट तिकिटाला कार्डावरच्या खरेदीचे साठ हजार पॉइंट लागत, ते उद्यापासून पंचाहत्तर हजार लागणार होते. आजच्या खरेदीपर्यंत जुना दर.

"होनोलुलुचं तिकीट? तुला कशाला?" मी विचारलं.

मग सगळं बाहेर आलं. डॉलरला एक पॉइंट. तीन उपासकाळांचा कॉड तिने कार्डावर घेतला होता. दर सोमवारी कार्डाची पै न पै चुकती. कार्ड घेताना भेट मिळालेले धरून जमले होते सत्तावन्न हजार आठशे. आजच्या माशांनी ती साठ हजारांच्या पार जाणार होती.

"म्हणजे आम्ही खाली कांदे चिरून रडतोय आणि तू विमानात बसतेयस!"

"चर्चची एक दमडी घेतली नाही मी, हॅरिएट! नुसते पॉइंट. ते कुणाचेच नव्हते."

"तुला ओरडत नाहीये मी. मला सुचलं नाही म्हणून चिडलेय. फोन लाव त्यांना."

एलीच्या टेबलावरून फोन लावला. पलीकडची मुलगी गोड होती, म्हणजे कठीण होती.

"मॅडम, तुम्ही ज्या प्रकारच्या दुकानांत खरेदी करता, तिथल्या इतर ग्राहकांची परतफेड समाधानकारक नाही."

"मी फक्त मासे घेते!"

"हो मॅडम. तेच इथे दिसतंय."

"अगं पण मी एकदाही हप्ता चुकवला नाही!"

"तुम्ही नाही, मॅडम. तुमच्यासारखे लोक."

"माझ्यासारखे लोक म्हणजे कॅथलिक!" जेन अशी गरजली की एलीच्या हातातलं बर्फाचं खोरं पडलं. मुलीने फोन ठेवला.

एली भला माणूस. म्हणाला, "मासे घेऊन जा, पैसे पुढच्या महिन्यात द्या." जेन एका खोक्यावर बसली. मासे जातील, पंगत होईल, पण आज मध्यरात्री होनोलुलु पंधरा हजार पॉइंट लांब सरकणार होतं. आठशेच्या कार्डावर ते या जन्मात गाठायचं नव्हतं.

मला रडकं तोंड बघवत नाही. "जेन, चेक भरलायस ना? पैसे खात्यात आहेत?"

"आहेत."

"मग आठशे ओढ. बँकेत जाऊन ते फेड. कार्ड मोकळं झालं की परत येऊन आठशे ओढ. तीनदा केलंस की चोवीसशे."

एलीने बोटांवर हिशेब केला आणि मला सलाम ठोकला. पहिले आठशे यंत्राने चकार शब्द न काढता घेतले. तेवढ्यात चर्चचे दोन गडी आले आणि मासे घेऊन गेले. आम्ही माझ्या गाडीत. मागच्या सीटवर लिंबांची गोणी, प्रत्येक वळणावर चार लिंबं जेनच्या पायाशी. बँकेला गाडीतूनच व्यवहार करायची खिडकी आहे. डब्यात चिठ्ठी घालायची, डबा नळीतून सूंऽऽ करत आत जातो. जेनने लिहिलं: खात्यातून आठशे, कार्डावर. पावतीबरोबर दोन गोळ्या आल्या, लहान मुलांसाठी देतात तशा. अर्धा तास थांबा म्हणाले.

अर्ध्या तासाने परत एली. ओढलं. घेतलं! परत बँक. सूंऽऽ. परत दोन गोळ्या. तळघरातून जेनच्या फोनवर फोन: "माशांचं पीठ कोण भिजवणार? तुझं माप कुणाला माहीत नाही!" जेन ओरडली, "हात लावू नका त्याला!" आणि फोन लिंबांत फेकला. मी पिवळ्या दिव्यावर गाडी काढली. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. फार मजा आली.

तिसऱ्यांदा एलीने कार्ड ओढलं आणि यंत्र गप्प. मग लिंबांतून वर काढलेला तो फोन वाजला. बँकेचा चोऱ्या पकडणारा विभाग. या वेळी एक पुरुष होता.

"मॅडम, तुमचं कार्ड चोरीला गेलंय का? कुणीतरी तासातासाला आठशे डॉलरचे मासे घेतंय."

"मीच घेतेय!"

"...का?"

"आज गुड फ्रायडे आहे!"

"एवढे मासे एक बाई खाते?"

"साडेसहाशे माणसं खातात. तुझं नाव काय रे?"

"डेसमंड, मॅडम."

"डेसमंड, सरळ बस आणि ऐक." आणि तिने त्याला सगळं सांगितलं: वॉल्ट, कोमट समुद्र, पॉइंट, नळी, गोळ्या. मला वाटलं, आता हा कार्डच बंद करणार. पण पलीकडून विचित्र आवाज येऊ लागला. तो हसत होता, आणि त्याच्या शेजारचेही कुणी हसत होते.

"हे नियमाबाहेर नाही," तो म्हणाला. "कसं नाही ते मला कळत नाही, पण नाही. सोडतो. आता ओढा."

एलीने ओढलं. यंत्राने कागदाची जीभ बाहेर काढली. जेनने माझे दोन्ही हात धरले आणि त्या बर्फाच्या पाण्यात पोल्का नाच सुरू केला. माझा गुडघा, तिचं कंबरडं, एली खोऱ्याने डब्यावर ताल धरतोय, आणि मोजे ओलेचिंब.

"डेसमंड, आहेस का?"

"आहे मॅडम. साठ हजार दोनशे. तिकीट काढायचं तर दुसरा विभाग, पण मी जोडून देतो. मला ऐकायचंय."

तिकीटवालीने विचारलं, कोणत्या तारखेचं हवं.

"कधीचंही चालेल," जेन म्हणाली, "फक्त ईस्टरच्या आधीचे शुक्रवार सोडून. तेव्हा मला काम असतं."

नोव्हेंबरची अकरा तारीख मिळाली. एलीने उरलेल्या दोनशेचा चेक घेतला. मग मी जेनला दंडाला धरून गाडीत कोंबलं, कारण चार वाजायला वीस मिनिटं उरली होती, दाराशी रांग लागली असणार होती, आणि पीठ अजून कोरडंच होतं.