दोन गोल, अर्धे अर्धे

जयराम अण्णा निरगुडे माझ्या क्लासमध्ये पहिल्यांदा आले तेव्हा मला वाटलं, मुलाची चौकशी करायला आलेत. डोक्यावर टोपी, कडक इस्त्रीचा सदरा, खिशाला दोन पेनं. मी खुर्ची पुढे केली आणि विचारलं, "मुलगा बारावीचा की पदवीचा?"

"मीच," ते म्हणाले. "बी.ए. हाय. मुक्त विद्यापीठातून केलं. लॉची सीईटी द्यायचीय."

माझा क्लास कॅनडा कॉर्नरजवळ, एका मिसळीच्या दुकानाच्या डोक्यावर आहे. मी स्वतः वकील आहे. सनद आहे, काळा कोट आहे, फक्त अशील कधी आले नाहीत. म्हणून मी लॉच्या प्रवेश परीक्षेची तयारी करून घेतो. आपण न चाललेल्या वाटेवर दुसऱ्यांना ढकलायचा हा धंदा बरा चालतो. माझा स्वभाव तापट आहे असं मुलं म्हणतात. मी म्हणतो, त्यांचा अभ्यास थंड आहे म्हणून मी गरम वाटतो. त्यात अकरा वाजता खालून तर्रीचा वास वर येतो आणि राज्यघटनेतला एकही अनुच्छेद कोणाच्या डोक्यात शिरत नाही.

अण्णा बावन्न वर्षांचे. दिंडोरीकडच्या गावातली द्राक्षबाग धाकट्या भावाच्या हवाली करून ते रोज मोटारसायकलवर नाशकात यायचे. गावात ते तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष. म्हणजे भांडण पोलिसांत जायच्या आत पारावर बसून मिटवून टाकायचं. बांध कोरला, विहिरीचं पाणी तोडलं, कोणाची शेळी कोणाच्या मेथीत शिरली, सगळं अण्णांकडे. त्यांच्या गावचं भांडण ठाण्याची पायरी चढत नाही याचा त्यांना भारी अभिमान होता, आणि तो ते पहिल्याच दिवशी, मी न विचारता, मला सांगून मोकळे झाले.

त्यांची पद्धतही ठरलेली होती. "थोडं तू नमतं घे, थोडं तो घेईल," एवढं म्हणायचं आणि मग सगळ्यांनी एकत्र चहा प्यायचा. यात एक मेख होती. चूक कोणाची हे अण्णा तोंडाने कधीच सांगत नसत. ज्याची चूक जास्त, त्याच्या घरी चहा ठेवायला लावत. अख्खं गाव त्यावरून काय ते समजून घ्यायचं आणि माणूसही तोंडावर पडायचा नाही. मला ही युक्ती ऐकून हसू आलं. पुढे पहिली सराव परीक्षा झाली आणि माझं हसू पळालं.

या परीक्षेत एक तत्त्व दिलेलं असतं, खाली एक प्रसंग असतो, आणि चार पर्यायांतला एक निवडायचा असतो. उत्तरपत्रिकेवर त्या पर्यायाचा गोल काळा करायचा. अण्णांची उत्तरपत्रिका हातात आली आणि मी डोळे चोळले. त्यांनी जवळजवळ प्रत्येक प्रश्नाला दोन गोल काळे केले होते. तेही अर्धे अर्धे, अगदी मापात, खालून वरपर्यंत सारखे.

"हे काय आहे?"

"मिटवलं," अण्णा म्हणाले.

"अण्णा, इथे मिटवायचं नसतं! एक बरोबर, तीन चूक!"

"सर, 'अ'ची म्हैस 'ब'च्या शेतात गेली हे खरं. पण 'ब'नं कुंपण का नाय घातलं? बरं, दोघं कुठल्या गावचे? घरात बाकी कोण कोण हाय?"

"कोणी नाही! 'अ'ला आईबाप नाहीत, गाव नाही, आडनाव नाही! तो फक्त 'अ' आहे!"

अण्णांना 'अ'ची दया आली. ती त्यांच्या तोंडावर मला स्पष्ट दिसली.

इंग्रजीतही तेच. रिकाम्या जागेत 'a' हे आर्टिकल भरायचं की 'the', यावर त्यांचं म्हणणं, दोन्ही बरी वाटतात, कशाला कोणाला नाराज करा. नात्यांची कोडी मात्र ते माझ्याआधी सोडवायचे. 'फोटोतला माणूस माझ्या सासऱ्यांच्या एकुलत्या मुलीचा दीर आहे' म्हटलं की अण्णा शेवटच्या बाकावरून ओरडायचे, "भाऊ! स्वतःचाच भाऊ!" लग्नं जमवून त्यांचा हात बसलेला होता. पण कायद्याच्या भागात गोलांची वाटणी चालूच राहिली. मी ओरडलो, समजावलं, एकदा खडूही फेकला. त्यांनी तो उचलून फळ्याखाली नीट ठेवला आणि म्हणाले, "सर, थोडं तुम्ही नमतं घ्या."

मी घेतलं नाही. माझ्या क्लासमध्ये मी एकटाच बरोबर असतो.

अण्णा लॉच्या मागे का लागले ते मला पुढे कळलं, त्याची सुरुवात हजेरीच्या वेळी झाली. पहिल्या बाकावर स्नेहल नावाची एक मुलगी बसायची. माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. एके दिवशी ती आली नव्हती. मी तिचं नाव पुकारलं तर अण्णा मागून म्हणाले, "ताप हाय तिला. मावशीकडं झोपलीय." मी विचारलं, तुम्हाला कसं माहीत? तर म्हणाले, "लेक हाय माझी." दोघं महिनाभर एका खोलीत बसत होती आणि एकमेकांशी अवाक्षर बोलली नव्हती. तिचं आडनाव सासरचं होतं, म्हणून माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

ती बरी होऊन आली तेव्हा मीच विषय काढला. भोचकपणाच तो, पण शिक्षकाला थोडा परवडतो. स्नेहलने सगळं सरळ सांगितलं. नवरा हात उचलायचा. ती तीनदा माहेरी आली आणि तीनदा अण्णांनी बैठक बसवली, थोडं तू घे, थोडं ते घेतील म्हणाले आणि तिला परत नेऊन सोडलं. चौथ्यांदा ती माहेरी गेलीच नाही. नाशकात मावशीकडे आली, नवऱ्यावर केस केली आणि लॉची तयारी सुरू केली.

"आणि सर," ती म्हणाली, "चहा तिन्ही वेळा सासरीच झाला. म्हणजे चूक कोणाची हे अण्णांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

मी हातातला खडू खाली ठेवला.

"क्लास लावायच्या आधी ते मावशीकडे येऊन म्हणाले, मीच वकील होतो आणि तुझी केस लढतो. मी म्हटलं, तुम्ही वकील झालात तरी समोरच्याशी मिटवूनच याल. एकदा कोणाची तरी बाजू घेऊन दाखवा, मग बोलते मी तुमच्याशी."

म्हणजे अण्णा माझ्याकडे कायदा शिकायला आलेच नव्हते. बाजू घ्यायला शिकायला आले होते. वकील व्हायला तीन वर्षं लागतात आणि तोवर केस थांबत नाही, हे त्यांना कोणी सांगितलं नसावं. मीही सांगितलं नाही. त्या दिवसापासून मी त्यांच्यावर ओरडायचं कमी केलं, म्हणजे नेहमीच्या निम्म्यावर आणलं.

पुढे खऱ्या परीक्षेत अण्णा काठावर निघाले आणि प्रवेशाच्या अगदी शेवटच्या फेरीत त्यांना एक कॉलेज मिळालं. हे आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहायला नको. मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं आहे.

शेवटच्या सराव परीक्षेनंतर मी फळ्यावर उत्तरं समजावत होतो. एका प्रश्नात तत्त्व असं होतं: धोका ठाऊक असूनही जो तो स्वतःहून पत्करतो, त्याला नुकसानभरपाई मागता येत नाही. प्रसंग असा: एका बाईला भाड्याच्या घराचा जिना मोडका असल्याचं माहीत होतं, तरी ती त्या घरात परत राहायला गेली. जिन्यावरून पडली. मालक जबाबदार आहे का? उत्तर सोपं होतं. नाही. सगळ्या वर्गाने तेच लिहिलं होतं, स्नेहलनेसुद्धा.

"चूक हाय," मागून आवाज आला.

अण्णा उभे होते. मी त्यांची उत्तरपत्रिका काढली. त्या प्रश्नापुढे एकच गोल होता, पूर्ण काळा, इतका दाबून केलेला की कागद फाटला होता. 'मालक जबाबदार आहे.'

"अण्णा, तत्त्व वाचा. ती स्वतःहून गेली."

"स्वतःहून कोणी जात नाय सर. तिला कोणीतरी पाठवलं असंल."

"प्रश्नात तसं लिहिलेलं नाही."

"नसंल लिहिलं. पण पाठवलं असंल. घरच्यांनी म्हटलं असंल, जा, तुझंच घर हाय, एवढ्या तेवढ्यानं काय होतं." त्यांचा आवाज चढला. पारावर इतकी वर्षं न चढलेला आवाज होता तो. "जिना मोडका हाय हे त्यांना बी दिसत होतं. तरी पाठवली. मग तिची चूक कशी? सांगा ना! तिची चूक कशी?"

स्नेहल मागे वळून बघत नव्हती, पण तिचं लिहिणं थांबलं होतं. मी घड्याळाकडे पाहिलं. अजून निम्मे प्रश्न उरले होते. सुटका करून घ्यावी म्हणून मी म्हणालो, "ठीक आहे अण्णा, तुमचंही थोडं बरोबर. अर्धा मार्क देतो."

"अर्धा नको."

"अहो, अर्धा घ्या आणि विषय मिटवा!"

"मिटवायचा नाय," अण्णा म्हणाले. "एक द्या, नायतर शून्य द्या."

परीक्षेत प्रश्नात नसलेली गोष्ट घुसवता येत नाही. हे मी सगळ्यांना शिकवत आलोय आणि त्याच्यावर माझं पोट चालतं. मी लाल पेनाने त्यांना शून्य दिलं. आयुष्यात इतक्या आदराने मी कोणाला शून्य दिलं नाही. अण्णांनी ते घेतलं आणि ताठ बसले.

क्लास सुटला. मुलं धडाधड जिना उतरून मिसळीवर तुटून पडली. मी फळा पुसत रेंगाळलो, कारण स्नेहल जागची हलली नव्हती. मग तिने दप्तर उचललं आणि ती शेवटच्या बाकापाशी गेली.

"परीक्षेत असं भांडायला गेलात ना, तर नापास व्हाल अण्णा."

"होऊ दे," अण्णा म्हणाले. त्यांना वर बघवत नव्हतं. "मीच पाठवली होती गं. तीन येळा."

"हो."

"लय चुकलं माझं."

"हो, चुकलं," स्नेहल म्हणाली. तिने त्यांना त्यातलं काही कमी करून दिलं नाही, आणि अण्णांनीही मागितलं नाही. मी एव्हाना स्वच्छ झालेला फळा पुन्हा पुसायला घेतला.

"गुरुवारी कोर्टात तारीख आहे," ती म्हणाली. "याल?"

"येतो."

"तिकडचे लोक नमस्कार करतील, बाजूला घेऊन बोलायला बघतील."

"बघू दे. मी नाय बोलणार कोणाशी." अण्णांनी टोपी काढली, हातात फिरवली, पुन्हा घातली. गावभरची भांडणं मिटवलेला हा माणूस कोर्टात मधे बसणार नव्हता आणि त्याला दुसरीकडे कुठे बसायची सवय नव्हती. "मी बसू कुठं मग?"

"माझ्या बाजूला," स्नेहल म्हणाली.