फिश टँकचा सुटणारा कोपरा

अप्पांना पाहुण्यांपासून लपवायचं ठरलं, तेव्हा ‘लपवायचं’ हा शब्द आमच्या घरात कोणीही उच्चारला नाही. आई म्हणाली, हॉल जरा नीटनेटका दिसायला हवा. मी म्हणाले, फिश टँकला मागून चित्र लावू.

अप्पा म्हणजे माझे वडील. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात उभं आयुष्य काढलं, रिटायर झाले आणि वर्षभरात अर्धांगवायूने उजवी बाजू गेली. नाशिकरोडचा आमचा फ्लॅट दोन खोल्यांचा, त्यामुळे त्यांची खाट हॉलमध्येच, खिडकीखाली. खाट आणि सोफा यांच्यामध्ये बुटक्या लोखंडी स्टँडवर त्यांचा टँक. त्यातले सोनेरी मासे त्यांनीच हौसेने पाळलेले. दिवसभर कुशीवर पडून ते मासे बघायचे आणि पाण्यातून पलीकडचा दरवाजा. मी शाळेतल्या क्लार्कच्या नोकरीवरून साडेपाचला घरी आले की डावा हात वर करायचे. पाण्यातून तो हात भलताच मोठा दिसायचा. मीही दारातूनच हात करायचे.

मग पिंपळगावहून मला बघायला पाहुणे येणार असं ठरलं. दारातून आत आलं की माणसाची नजर टँकमधून थेट खाटेवर, लघवीच्या पिशवीवर जायची. बिटको चौकाजवळच्या दुकानातून मी पोस्टर कापून आणलं. दोन्ही बाजूंनी छापलेलं, एकीकडे निळा समुद्र आणि प्रवाळ, दुसरीकडे नुसतं काळं. अप्पांना विचारावं एवढं शहाणपण मला सुचलं, आणि त्याचं मलाच कौतुक वाटलं.

निळी बाजू समोर धरून म्हणाले, “अप्पा, ही लावू?”

“नको.” आजारानंतर त्यांना धड बोलता येणारे दोन-तीनच शब्द उरले होते, त्यातला हा एक.

काळी बाजू धरली. “मग ही?”

“नको.”

कशालाच हो म्हणायचं नाही ही जुनीच खोड, असं म्हणून मी हसले. दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे मागच्या काचेला खोबरेल तेलाचा हात फिरवला, निळी बाजू पाण्याकडे करून पोस्टर टेकवलं आणि जुन्या एटीएम कार्डाने दाबत हवेचे बुडबुडे कडेला काढले. वरून चिकटपट्टी. समोरून बघितलं तर हॉल एकदम श्रीमंत दिसायला लागला. खाट दिसेना. अप्पांच्या बाजूला काळं आलं होतं. त्याचा विचारसुद्धा माझ्या मनात आला नाही, खोटं कशाला बोलू.

पाहुण्यांनी पोहे खाल्ले, टँकचं कौतुक केलं, कळवतो म्हणाले आणि काही कळवलं नाही. पोस्टर मात्र राहिलं. उद्या दुसरं कोणी आलं तर पुन्हा कुठे लावत बसा. साडेपाचला दारातून आता समुद्र दिसायचा. मी चपला काढून सरळ स्वयंपाकघरात जायचे.

फक्त उशीकडचा वरचा कोपरा टिकेना. दर दोन-तीन दिवसांनी सुटून मागे दुमडलेला असायचा. मी दुकानदाराच्या नावाने बोटं मोडली, पुन्हा पट्टी लावली. पुन्हा सुटला. मग खोक्यांना लावतात ती जाड तपकिरी पट्टी आणली. मी पट्टी लावताना अप्पा डोळे मिटून पडलेले असायचे. एकदा त्यांची डाव्या हाताची बोटं तेलकट दिसली. मी ती ओल्या फडक्याने पुसली आणि आईला म्हणाले, त्यांच्या डोक्याला तेल जरा कमी लावत जा.

दिवाळीनंतर अप्पा गेले. तेरावं झालं, खाट हलवली. पुढे महिनाभराने टँक पुसताना लक्षात आलं, कोपरा सुटलेला नाही. शेवटची पट्टी मी लावली होती तशीच होती.

खाटेच्या जागी फरशीवर बसले. नखाने पट्ट्या सोलल्या, एकीखाली एक निघतच राहिल्या. कोपरा मागे दुमडला आणि त्यांची उशी असायची तिथवर डोकं वाकवलं. माशांच्या पलीकडे दरवाजा दिसला, माझ्या चपला दिसल्या.

मला रडूही लवकर आलं नाही. एका हाताने तो कोपरा सोडवून अप्पा माझी वाट बघायचे. मी घरी यायचे, चहा घ्यायचे आणि तो पुन्हा बंद करायचे.