मेश्रामांचा पळालेला गोलकीपर

मेश्राम गेल्याचा निरोप आला तेव्हा मी ओट्याशी सुरमई साफ करत होते. हात माशाचे, म्हणून फोनला नुसती करंगळी लावली. त्यांच्या मुलाचा, सुगतचा मेसेज होता. मराठीच, पण त्याच्या नेहमीच्या पद्धतीने इंग्रजी अक्षरांत. ‘काकू, बाबा गेले. नागपूरला. पहाटे, झोपेत.’ मी तशीच उभी राहिले. नळ वाहत होता, तो बंद करायचंही सुचलं नाही. एवढ्यात खाली दुसरी ओळ उमटली. ‘काल आपली जिंकली होती. त्यांनी पूर्ण मॅच बघितली.’ आणि मला चक्क हसू आलं. आमचे हे बाहेरून विचारतात, काय झालं गं? त्यांना काय सांगणार... डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि बाई हसतेय.

‘आपली’ म्हणजे कॅनडातल्या एका गोठलेल्या शहराची आईस हॉकीची टीम. पगारी खेळाडूंची, व्यावसायिक, मोठी नावाजलेली. तिचा आणि मेश्रामांचा काडीचा संबंध नव्हता. माणूस जन्माने नागपूरचा, नोकरीने मस्कतचा, म्हणजे एका भट्टीतून उठून दुसऱ्या भट्टीत जाऊन बसलेला. फ्रीजरमध्ये साठतो तेवढाच बर्फ त्यांनी पाहिलेला. पण एका वर्षी, ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत, मस्कतच्या अल् घुब्रा भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्या टीमचा अख्खा सीझन त्यांनी असा काही साजरा केला की घरात लग्न असतं तरी एवढी धावपळ झाली नसती.

आमची दारं समोरासमोर. मेश्राम बौशरच्या एका बांधकाम कंपनीत इंजिनिअर होते. साइटवर उभे राहून चेहरा रापलेला, आवाज जरबेचा, शिस्त घरातही साइटसारखीच. त्यांच्या बायकोला, शालूताईंना, त्याचं काही वाटत नसे. त्या त्यांना सरळ ‘सुपरवायझर’ म्हणत. पण सुगत वचकून असायचा. तो इथल्याच इंडियन स्कूलमध्ये शिकला. मित्रांशी इंग्रजी, आईशी मोडकंतोडकं मराठी, आणि बापाशी फक्त मान हलवणं. बारावी झाली आणि तो शिकायला कॅनडाला गेला. तेव्हा इथून इंटरनेटवरून फोन लागत नसत, कॉलिंग कार्ड आणावं लागे. दर शुक्रवारी सकाळी मेश्राम कार्ड खरवडून नंबर लावत. जेवलास का? हो. थंडी आहे का? हो. अभ्यास? हो. खलास! कार्डावर बोलायला भरपूर वेळ शिल्लक आणि बापलेकांकडे शब्दच नाहीत. फोन ठेवला की मेश्राम गॅलरीत जाऊन समोरच्या एसींच्या रांगेकडे बघत उभे राहत. एकदा मला म्हणाले, “पोट्टा गेला नाही जी वहिनी, बोलणं गेलं.” एवढा जरबेचा माणूस, पण तेव्हा आवाज अगदी बारीक झाला होता.

मग एका शुक्रवारी त्यांनी असंच विचारलं, तिकडं काय चालू आहे? सुगत म्हणाला, “हॉकीचा सीझन सुरू झालाय, बाबा. सगळे मॅड आहेत इथे.” झालं! बुडत्याला काडी मिळाली. पुढच्या शुक्रवारी मेश्रामांनी सकाळची बुद्धवंदना उरकली, लॅपटॉपला वायर लावून ती टीव्हीला जोडली आणि कुठूनतरी मॅच शोधून काढली. तिकडची गुरुवारची संध्याकाळ म्हणजे आमची शुक्रवारची सकाळ. सुट्टीचा दिवस, बिल्डिंग साखरझोपेत, आणि समोरच्या घरातून एकदम ‘मार ना बे!’ अशी आरोळी. मी गाऊनवर ओढणी घेऊन भांडायलाच गेले. शालूताईंनी माझ्या हातात तर्री-पोह्यांची बशी दिली. तर्री कसली, निखारा नुसता. तोंड पोळल्यामुळे भांडण राहून गेलं. एक मात्र कबूल करून घेतलं, टीव्हीचा आवाज बंद ठेवायचा. मेश्राम शब्दाला पक्के. तेव्हापासून तो सगळा सीझन आम्ही मुका बघितला, आणि पुढचा घोटाळा झाला तो त्यामुळेच.

आमच्यात तिसरे प्रेक्षक हसनमियाँ. रत्नागिरीकडचे, मत्रहच्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, त्यांचं कापडाचं जुनं दुकान, राहायला आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर. पहाटेची फजरची नमाज झाली की ते गरम खुबूस, म्हणजे इथली रोटी, घेऊन परतत. जिन्यात तर्रीचा वास आला आणि ते वर चढले, ते दर शुक्रवारी चढू लागले. खुबूस चहात बुडवत ते गंभीरपणे पडद्याकडे बघत. या हॉकीत चेंडूऐवजी असते ती काळी चकती आम्हाला कुणालाच दिसत नसे. एवढ्या वेगाने पळायची की सगळे कुठे धावताहेत त्यावरून ती कुठे असेल याचा अंदाज करायचा. “मेश्रामभाई, यो पंच आंधला हाय काय?” हे हसनमियाँचं ठरलेलं वाक्य. स्वतःला चकती दिसत नाही, पण पंच मात्र आंधळा!

अशाच एका शुक्रवारी आपली टीम एका गोलने मागे होती. खेळ संपायला जेमतेम एखादा मिनिट उरला असेल. आणि अचानक आमचा गोलकीपर, तो गाद्यागिर्द्या बांधलेला अवाढव्य माणूस, गोल उघडा टाकून बाहेरच्या बाकाकडे पळत सुटला. मेश्राम ताडकन उठले. “अरे, पळून राहिला! गोलकीपर पळून राहिला!” तेवढ्यात समोरच्यांनी त्या रिकाम्या जाळ्यात आरामात गोल ढकलला. साइटवर चौकीदार गेट उघडं टाकून गेला असता तर मेश्रामांचं जे झालं असतं तेच झालं. त्यांनी तिथल्या तिथे सुगतला फोन लावला. “हे काय रे? काही शिस्त आहे का नाही? भर खेळात माणूस निघून जाते!” पलीकडे सुगत जरा घुटमळला आणि म्हणाला, “हो बाबा, व्हेरी बॅड. त्याला काढून टाकतील.”

आता गल्फमध्ये ‘काढून टाकतील’ या शब्दांचा अर्थ काय होतो ते इथे राहिलेल्यालाच कळेल. मेश्रामांचा राग क्षणात उतरला आणि त्यांना त्या गोलकीपरची काळजी लागली. बायकापोरं असतील त्याला. हसनमियाँ म्हणाले, “अर्बाबने व्हिसा कॅन्सल केला तर मानूस जायचा कुठं?” अर्बाब म्हणजे इथला मालक. गोलकीपर कॅनडाचाच असेल, त्याला कशाला व्हिसा, असं मी म्हणून पाहिलं, पण माझं कोण ऐकतो! आठवडाभर जिन्यात भेटले की दोघे हळू आवाजात त्याच्याबद्दल बोलत. पुढच्या शुक्रवारी तोच गोलकीपर जाळ्यापुढे उभा दिसला आणि हसनमियाँनी दोन्ही हात वर करून “अल्हमदुलिल्ला!” म्हटलं. शालूताईंनी त्याच्या नावाने शिरा केला. नोकरी वाचली म्हणून.

खरा उलगडा पुढे सुगतनेच केला. तो पळत नाही, बाबा, त्याला कोचच बोलावतो. एक गोल मागे असलं की गोलकीपर काढतात आणि त्याच्या जागी एक जास्त माणूस हल्ल्याला पाठवतात. मेश्रामांनी विचारलं, मग तेव्हा काढून टाकतील कसं म्हणाला? सुगत म्हणाला, “जोक केला, बाबा.” फोन ठेवून मेश्राम धावत आमच्याकडे आले. पायात चप्पलसुद्धा नाही. “वहिनी! पोट्टा मस्करी करते जी माझ्यासंगं!” मूर्ख बनल्याचा एवढा आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

आता कार्डं पुरेनात. हरलेल्या मॅचवर तर जास्तच बोलणं होई, कारण दोष कुणाचा हे ठरवायचं असे. कामाच्या दिवशी मॅच असली तर मेश्रामांना अर्धी सोडून ऑफिसला पळावं लागे. मग शालूताई स्वयंपाक करता करता बघत आणि फोनवरून त्यांना हालहवाल कळवत. त्या आमच्यात सगळ्यांत तयार झाल्या होत्या. थंडीत सुगतने पोस्टाने एक खरी चकती पाठवली. काळी, रबराची, तळहाताएवढी, चांगली जड. पाकीट उघडलं तेव्हा ती काय वस्तू आहे हेच शालूताईंना कळलं नाही. त्यांनी तिच्यावर चहाचं उकळतं पातेलं ठेवलं. घरभर जळक्या टायरचा वास, आणि चकतीवर पातेल्याच्या बुडाचा कायमचा ठसा. मेश्रामांनी मात्र तिला लगेच कामाला लावलं. मॅचच्या सकाळी ती दाराखाली सारायची, म्हणजे दार उघडं राहतं, कुणी बेल वाजवायला नको, बिल्डिंगची झोपमोड नको. ती हाताने कधीच ठेवत नसत. जमिनीवर टाकायची आणि उजव्या पायाच्या चपलेच्या टोकाने हलकेच सरकवायची. बरोबर दाराच्या फटीत जाऊन बसायची. बसली की म्हणायचे, “गोल!”

एप्रिल उजाडला आणि सीझनची शेवटची मॅच आली. जिंकलो तर पुढच्या फेरीत, नाहीतर घरी. त्या दिवशी आमचे हेसुद्धा उठून आले. शेवटच्या मिनिटाला आपण पुन्हा एका गोलने मागे. गोलकीपर बाकाकडे पळाला, पण या वेळी कुणी ओरडलं नाही. मेश्राम दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट दाबून बसले होते. आणि बरोबरीचा गोल झाला! मग कसला मुका टीव्ही आणि कसलं काय! हसनमियाँनी मेश्रामांना उचललंच. खालच्या मजल्यावरचे इजिप्शियन शेजारी तक्रार करायला वर आले आणि पोहे खायला बसले. ...पण जादा वेळेत हरलो. दोन मिनिटांत सगळं संपलं. सगळे हळूहळू पांगले. मी बशा गोळा करत होते. मेश्राम बंद टीव्हीकडे बघत बसले होते. म्हटलं, खेळात हारजीत चालायचीच. ते म्हणाले, “हरू द्या ना जी. पण आता पुढच्या शुक्रवारी मी पोट्ट्याशी बोलू काय?”

पुढच्या शुक्रवारी सवयीने आम्ही त्यांच्याकडे चहाला जमलो होतो. मेश्राम कार्ड हातात घेऊन नुसते बसलेले, खरवडायचा धीर होत नव्हता. आणि फोन वाजला. सुगतचा. पहिल्यांदाच त्याने स्वतः कार्ड आणून फोन केला होता. “बाबा,” तो म्हणाला, “तुम्ही लहानपणी काय खेळायचे?” मेश्रामांनी हातातलं कार्ड खाली ठेवलं. मग सुरू झाले. वस्तीमागचं मैदान, कडुलिंबाच्या वाकड्या फांदीची हॉकी, चिंध्यांचा चेंडू, उन्हात पोळलेले पाय... शालूताईंनाही यातलं अर्धं ठाऊक नव्हतं. बोलता बोलता कार्ड संपलं, तर पलीकडून पोराने पुन्हा लावला. हसनमियाँ डोळे पुसत म्हणाले, तर्री फार तिखट झालीय आज. त्या दिवशी तर्री नव्हतीच, नुसता चहा होता.

दोन वर्षांपूर्वी मेश्राम आणि शालूताई फायनल एक्झिट घेऊन, म्हणजे इथला व्हिसा संपवून, कायमचे नागपूरला गेले. इथली रीत अशी की जाताना सामान वाटून जायचं. आम्हाला टीव्ही मिळाला, हसनमियाँना सोफा, आणि शेवटी दारात उभं राहून त्यांनी ती चकती माझ्या हातात ठेवली. “शुक्रवारी लावत जा, वहिनी.” मी लावत आले. मॅच असो नसो, हसनमियाँ खुबूस घेऊन येतात.

नागपूरला वडिलांचं पुण्यानुमोदन, म्हणजे दिवसकार्य, आटोपून कॅनडाला परत जाताना सुगत मस्कतला उतरला. शुक्रवारी सकाळी तो आमच्या उघड्या दारात उभा. ओठांची ठेवण अगदी बापाची. हसनमियाँनी त्याला जवळ घेतलं. मी पोहे केले, शालूताईंची सर नव्हतीच. खाता खाता तो म्हणाला, “काकू, एक सांगू? मी हॉकी बघतच नव्हतो. बाबांनी विचारलं म्हणून काहीतरी बोललो. मला वाटलं, विषय संपेल.” पुढच्या शुक्रवारी बापाने अख्खी मॅच सांगितली आणि पोरगा गारठला. पकडले जाऊ नये म्हणून होस्टेलच्या हॉलमध्ये जाऊन मॅच बघू लागला. गोलकीपर का पळतो ते त्यालाही माहीत नव्हतं. “मी तसंच ठोकून दिलं, काढून टाकतील म्हणून. नंतर हॉलमध्ये विचारलं तर सगळे इतके हसले... त्यातलेच माझे फ्रेंड्स झाले. त्याच्या आधी मी एकटा जेवायचो, काकू. त्या ऑक्टोबरमध्ये मी परत यायचं तिकीट शोधत होतो.”

“बाबांना सांगितलंस कधी?”

“नाही. त्यांना जोक आवडला होता.”

मग आम्ही मॅच लावली, आवाज बंद करून. आपली हरली. निघताना त्याने विचारलं, ती चकती नेऊ का? म्हटलं, तुझीच आहे, ने. त्याने वाकून ती उचलली, ठशावरून बोट फिरवलं, आणि एसीच्या झोताने दार धाडकन बंद झालं. सुगत दचकला. मग त्याने दार उघडलं, चकती जमिनीवर टाकली आणि उजव्या पायाच्या बुटाच्या टोकाने हलकेच सरकवली. बरोबर फटीत जाऊन बसली. बापाला असं करताना त्याने कधीच पाहिलं नव्हतं, तेव्हा तो कॅनडात होता.

“गोल!” हसनमियाँ म्हणाले.